देवळालीचा ताप

मार्च सरत आला की मुंबई बंदरातून विलायतेकडे जाणारी पलटणींची जहाजं थांबत. तांबड्या समुद्रातला उन्हाळा आणि अरबी समुद्रातला पावसाळा, दोन्ही टाळून गोऱ्या सैन्याची ने-आण थंडीच्या हंगामातच उरकायची, असा ब्रिटिश सरकारचा नेम होता. साधारण ऑक्टोबरात पहिलं जहाज, मार्चअखेरीच्या सुमारास शेवटचं. मधल्या महिन्यांत ज्या सोजिराच्या नोकरीची मुदत भरे त्याला पलटणीत काम उरलेलं नसे आणि घरी जायला जहाजही नसे. त्याची रवानगी होई नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत. तिथं बराकीत बसून त्यानं ऑक्टोबरची वाट बघायची.

त्या वाट बघण्यातून इंग्रजीला एक शब्द मिळाला. एखाद्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, तो चक्रमपणा करायला लागला, की इंग्लंडात आजही लोक हसत म्हणतात की तो 'डुलाली' झाला. शब्द हलकाफुलका आहे. म्हाताऱ्या आजीच्या विसराळूपणाला तो चालतो, कामाच्या घाईत गोंधळलेल्या मित्राला चालतो, वर्तमानपत्राच्या मथळ्यातही खपून जातो. हा डुलाली म्हणजे आपली देवळाली. कागदोपत्री इंग्रज 'देओलाली' लिहीत. 'ळ' त्यांच्या भाषेत नाहीच, आणि 'देओ' सोजिराच्या जिभेवर 'डू' होऊन बसला.

शब्दाचं पूर्ण रूप होतं 'डुलाली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. जुन्या पलटणीतले लोक म्हणत, अमक्याला देवळालीचा ताप चढलाय. पुढं 'टॅप' गळून पडला आणि गावाचं नावच वेडाचं नाव झालं. या शब्दाला गंमत समजून सोडून द्यायला माझी तयारी नाही. त्याच्यामागं ब्रिटिश राजवटीनं आपल्याच सैनिकांना आणि आपल्या लोकांना कसं वागवलं याचा इतिहास उभा आहे, आणि तो समजून घ्यायला १८५७ पासून सुरुवात करावी लागते.

बंडाचा वणवा विझल्यावर कंपनीचं राज्य संपलं आणि सैन्य राणीच्या ताब्यात गेलं. हिंदी शिपायावर पुन्हा कधी पूर्ण विश्वास ठेवायचा नाही, हे लंडनमध्ये पक्कं झालं होतं. पील आयोगानं प्रमाण सांगितलं: बंगालकडे दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा, मुंबई आणि मद्रासकडे तिघांमागे एक. त्यामुळं या देशात साठ-सत्तर हजार गोरे सैनिक कायम ठेवणं भाग पडलं. पण ते जगणार कसे? १८५९ मध्ये नेमलेल्या आणि १८६३ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही आरोग्य आयोगानं जुनी दप्तरं उघडली, तेव्हा हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्यूदर दर वर्षी हजारी ६९ निघाला. लढाईपेक्षा पटकी, हगवण, ज्वर आणि दारूनं मेलेले फार. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या आकड्यांवर वर्षानुवर्षं घाव घातले. बराकी मोकळ्या बांधा, पाणी शुद्ध द्या, माणसं बंदराच्या दमट गर्दीतून बाहेर काढा, अशी चर्चा सुरू झाली.

देवळाली या चर्चेला सोयीची होती. दारणा नदीच्या खोऱ्यातलं, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट उंचीवरचं कोरड्या हवेचं माळरान. रात्री गार वारा. १८६१ च्या सुमारास इथं छावणी पडली. रेल्वे तेव्हा कसाऱ्यापर्यंत आली होती. थळ घाटातली, म्हणजे आपल्या कसारा घाटातली चढण फोडून गाड्या वर न्यायला १ जानेवारी १८६५ उजाडला. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे. घाट खुला झाला आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरलेला सोजीर थेट गाडीनं देवळालीच्या पठारावर येऊ लागला. नव्यानं आलेल्यांनी इथं थोडे दिवस हवा अंगवळणी पाडून घ्यायची आणि मग अंबाला, मीरत, सिकंदराबाद अशा ठिकाणी आपापल्या पलटणीत जायचं. परतणाऱ्यांनी इथंच गोळा होऊन जहाजाची वाट बघायची. येण्याचा आणि जाण्याचा दरवाजा एकच.

त्याच दशकात सरकारनं खास हिंदुस्थानच्या सैन्यवाहतुकीसाठी पाच मोठी जहाजं बांधली: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. एकेका जहाजात हजार-बाराशे माणसं मावत. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला होईपर्यंत दोन जहाजं इंग्लंड ते अलेक्झांड्रिया आणि बाकीची सुएझ ते मुंबई अशी धावत. मधला टप्पा इजिप्तच्या रेल्वेनं. कालवा झाल्यावर प्रवास सलग झाला, पण जहाजं तेवढीच आणि हंगामही तेवढाच राहिला.

मग १८७० मध्ये युद्धमंत्री कार्डवेल यांनी सैन्यभरतीचा कायदा बदलला. आधी माणूस तारुण्य सगळं पलटणीत घालवून, म्हातारपणी पेन्शन घेऊन बाहेर पडे. नव्या कायद्यानं बारा वर्षांचा करार झाला: सहा वर्षं प्रत्यक्ष नोकरी, सहा वर्षं राखीव दलात. हा बदल सैनिकाच्या भल्याचा होता, आणि मी तो चांगलाच मानतो. पण साठ हजारांवर माणसं आणि प्रत्येकाची मुदत सहा-सात-आठ वर्षांची, असा साधा भागाकार केला तरी दर वर्षी आठ-दहा हजार सोजीर मुदत संपवून घरी निघणार हे दिसतं. भरती वर्षभर होत असल्यामुळं मुदतीही वर्षभर संपत. जहाजं मात्र सहा महिनेच. कायदा एका खात्यानं केला, जहाजांचा हंगाम दुसऱ्यानं ठरवला, आणि दोन्हींतली फट भरून काढायला देवळालीच्या बराकी कामाला आल्या.

या बराकींतलं आयुष्य कसं होतं, याची साक्ष एका साध्या शिपायानं लिहून ठेवली आहे. फ्रँक रिचर्ड्स हा वेल्समधला, १८८३ चा जन्म, पोरका, ब्लायना गावी नातेवाइकांकडे वाढलेला, कोळशाच्या खाणीत राबलेला मुलगा. १९०१ मध्ये तो रॉयल वेल्च फ्युझिलिअर्समध्ये भरती झाला आणि हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात त्यानं नोकरीची वर्षं काढली. पुढं पहिल्या महायुद्धात तो पश्चिम आघाडीवर चारही वर्षं लढला, त्यानं शौर्याची दोन पदकं मिळवली आणि शेवटपर्यंत साधा शिपाईच राहिला. त्याच पलटणीत अधिकारी असलेले कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या मदतीनं त्याची महायुद्धाची आठवण १९३३ मध्ये छापून आली आणि हिंदुस्थानातल्या दिवसांवरचं 'ओल्ड सोल्जर साहिब' १९३६ मध्ये.

या पुस्तकात रिचर्ड्स देवळालीबद्दल मोजकं पण नेमकं सांगतो. मुदत संपलेल्यांना तिथं महिनोन्महिने जहाजाची वाट बघावी लागे. करायला काहीच नसे. आधीच्या नोकरीत ज्यांच्या नावावर एकही शिक्षा नव्हती अशी माणसं तिथं येऊन बिघडत, तुरुंगात जात, बाजारातून गुप्तरोग घेऊन येत. माणसं विचित्र वागू लागत. 'डुलाली टॅप' हा शब्द त्या छावणीतल्या कंटाळ्यातून जन्मला असावा, असं त्याचं मत आहे. इंग्लंडात नंतर पसरलेल्या कथांत देवळाली म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, अशी समजूत दिसते. शब्दाच्या इतक्या जवळ उभा असलेला रिचर्ड्स मात्र त्याची नाळ रिकाम्या बसण्याशी जोडतो. वेडे ठरलेल्या सैनिकांना सरकार शेवटी इंग्लंडात, साउदॅम्प्टनजवळच्या नेटली इस्पितळाच्या खास विभागात पाठवत असे. तो विभाग १८७० मध्ये सुरू झाला होता. देवळालीच्या बराकीत जो तडकत होता तो बहुतेक वेळा शहाणा माणूस होता.

मी रिचर्ड्सचं मत मानतो, आणि त्याचं कारण पलटणीच्या दिनक्रमात आहे. सोजिराचा सगळा दिवस दुसऱ्यानं आखलेला असे: पहाटेचं बिगूल, कवायत, पहारा, बंदूक साफ करणं, जेवण, उन्हात सक्तीची विश्रांती, संध्याकाळी कॅन्टीनची बिअर. दिवसाचा एक तासही त्याच्या मर्जीचा नसे. त्या माणसाची पलटण सुटली, सोबती सुटले, ओळखीचा सार्जंट सुटला. आता तो परक्या बराकीत, वेगवेगळ्या पलटणींतून आलेल्या अनोळखी माणसांत. हातात साठवलेला पगार, समोर कॅन्टीन, बाहेर बाजार, आणि एप्रिल-मे मधला नाशिकचा उन्हाळा. आपली नोकरी संपली आहे, आपण मोकळे आहोत, हे त्याला माहीत. पण जाता येत नाही. कैद्याला निदान सुटकेची तारीख ठाऊक असते. याला जहाजाच्या यादीत आपलं नाव कधी लागेल तेही ठाऊक नसे.

शिवाय खरा तापही होताच. मराठीत ताप म्हणजे ज्वर, आणि ताप म्हणजे कटकट, जाच, डोक्याला होणारा त्रासही. इंग्रजी कोश सहसा ज्वर हाच अर्थ पुढं ठेवतात. देवळालीच्या तापाला मात्र आपले दोन्ही अर्थ लागू पडतात. हिवतापाचं कारण डास, हे कुणालाच माहीत नव्हतं; रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो २० ऑगस्ट १८९७ या दिवशी. तोवर सगळे दोष दलदलीच्या हवेला आणि उन्हाला. मेंदूपर्यंत चढलेला हिवताप माणसाला खरोखर बरळायला लावतो. उष्माघात लावतो. अतिमद्यपानही लावतं. आणि गुप्तरोगांपैकी उपदंश पंधरा-वीस वर्षांनी मेंदूत उतरून माणसाला भ्रमिष्ट करतो, हे तर १९१३ मध्ये नोगुची आणि मूर या संशोधकांनी सिद्ध केलं. म्हणजे देवळालीत ज्यांना सोबती हसले, त्यातल्या काहींचं खरं वेड घरी पोचल्यावर कित्येक वर्षांनी प्रकट झालं असणार.

सोजिरांच्या बोलीत असे हिंदुस्थानी शब्द ढीगभर होते. तुरुंगाला ते 'चोकी' म्हणत, तो आपल्या चौकीवरून. फुकट मिळालेल्या वस्तूला 'बकशी', बक्षिसावरून. आरामाच्या नोकरीला 'कुशी', खुशीवरून. बघ जरा म्हणायला 'डेको', चहाला 'चार', पावाला 'रूटी'. आणि मायदेशाला 'ब्लायटी', विलायतीवरून. घरची ओढ व्यक्त करायला त्यांना हिंदुस्थानी शब्द सापडला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. साहेब लोकांच्या बंगल्यांतले शब्द यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' या जाडजूड कोशात गोळा केले. त्या कोशाचं नावही सोजिरांच्याच कानाचं: मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला. दुसऱ्याच्या शोकाचा आवाज त्यांच्या कानी विनोद म्हणून पोचला. डुलालीच्या बाबतीत निदान शोक त्यांचा स्वतःचा होता.

इथं थोडं थांबून छावणीच्या दुसऱ्या बाजूकडे बघायला हवं, कारण इंग्रजीतल्या हकिकतींत ती बाजू येते तेव्हा ओझरती येते. प्रत्येक बराकीमागं पखाल वाहणारे भिस्ती होते, पंखा ओढणारे होते, परीट, न्हावी, स्वयंपाकी, मेहतर होते. सदर बाजार होता. आणि बाजारात सोजिरांसाठी राखलेल्या बायका होत्या. १८६४ च्या छावणी कायद्यानं त्यांची नोंदणी झाली, त्यांची सक्तीनं शारीरिक तपासणी होऊ लागली, आजार आढळला की त्यांना इस्पितळात डांबलं जाई. सोजिरांची तपासणी मात्र अपमानास्पद म्हणून टाळली गेली. जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विलायतेत आवाज उठवल्यावर १८८८ मध्ये पार्लमेंटनं ही व्यवस्था रद्द करायला लावली. तरी १८९५ मध्ये हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्यात गुप्तरोगासाठी इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण हजारी पाचशेच्या वर गेलं होतं. त्या बायकांच्या आजाराची अशी गणती कुणी केली नाही.

नोकरांचं तर आणखी वाईट. उकाड्याच्या रात्री पंखेवाल्याचा डोळा लागला, पंखा थांबला, की आतून बूट यायचा, कधी लाथ. हिवतापानं वर्षानुवर्षं पिडलेल्या गरीब माणसाची प्लीहा सुजलेली असते आणि पोटात बसलेल्या एका घावानं ती फुटू शकते. माणूस मेला की न्यायालयात वैद्यकीय साक्ष येई: प्लीहा आधीच सुजलेली होती, मारणाऱ्याचा मारण्याचा हेतू नव्हता. १८७० च्या दशकात आग्र्याला फुलर नावाच्या गोऱ्या वकिलानं आपल्या मोतद्दाराला मारलं, तो मेला, आणि न्यायाधीशानं दंड केला तीस रुपये. व्हाइसरॉय लिटन यांना या निकालाचा जाहीर निषेध करावा लागला, आणि त्याबद्दल गोऱ्या समाजानं लिटन यांनाच धारेवर धरलं.

१९०२ मध्ये सियालकोटला नवव्या लान्सर्स पलटणीतल्या सोजिरांनी अटू नावाच्या स्वयंपाक्याला बडवलं आणि तो मेला. पलटणीनं गुन्हेगार शोधून द्यायचं नाकारलं, तेव्हा व्हाइसरॉय कर्झन यांनी सगळ्या पलटणीची रजा बंद करून शिक्षा दिली. पुढच्याच जानेवारीत दिल्ली दरबारात ही पलटण संचलनात समोरून गेली, तेव्हा जमलेल्या गोऱ्या पाहुण्यांनी तिचा जयजयकार केला आणि कर्झन यांना तो मुकाट ऐकावा लागला. रिचर्ड्स नेमका याच काळात हिंदुस्थानात होता. सोजिरांच्या मनातला कर्झनद्वेष आणि नोकरांना हाणण्याची सवय या दोन्ही गोष्टी त्याच्या पुस्तकात उघड आहेत.

एकच हिवताप. सोजिराला चढला तर त्याची थट्टेची म्हण झाली. हिंदी नोकराला चढला तर त्याच्या खुनाची सबब झाली. 'डुलाली' हा शब्द वाचताना मला हे दोन्ही एकत्रच आठवतं, आणि ते तसंच आठवलं पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

देवळाली कॅम्पाला लागूनच भगूर आहे. रिचर्ड्सच्या जन्मवर्षीच, २८ मे १८८३ रोजी, तिथं विनायक दामोदर सावरकर जन्मले. गोऱ्या पलटणींच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच्या गावातला हा मुलगा विशीच्या आत नाशकात मित्रमेळ्याच्या गुप्त बैठका भरवत होता. छावणीतले लोक परतीच्या जहाजाचे दिवस मोजत होते, आणि शेजारच्या गावातली पोरं त्यांनी कायमचं जावं म्हणून शपथा घेत होती.

पहिल्या महायुद्धात देवळालीचं रूप पालटलं. मेसोपोटेमियात लढायला गेलेल्या सैन्याचा तळ मुंबई होता. एप्रिल १९१६ मध्ये कूटला पुणे डिव्हिजन तुर्कांच्या हाती पडली, आणि त्या आघाडीवरच्या जखमींचा, आजाऱ्यांचा लोंढा मुंबईकडे येत राहिला. देवळालीत मोठी लष्करी इस्पितळं उभी राहिली. वेल्समधून आलेलं चौतिसावं जनरल हॉस्पिटल त्यातलंच. तिकडे पश्चिम आघाडीवर खंदकात मरणाऱ्या नव्या फौजेनं जुन्या पलटणीतल्या शिपायांकडून हिंदुस्थानी शब्द उचलले. घरी पाठवण्याइतपत जखम झाली तर ती 'ब्लायटी'. डोकं फिरलेला सोबती 'डुलाली'. खाणकामगार, कारकून, शिक्षक असे लाखो लोक युद्धातून परतले तेव्हा बराकीतला शब्द त्यांच्यासोबत घराघरांत शिरला.

१९२५ मध्ये एडवर्ड फ्रेझर आणि जॉन गिबन्स यांनी सैनिक आणि खलाशांच्या शब्दांचा कोश काढला. त्यात 'देओलाली टॅप' ही नोंद आहे, अर्थ दिला आहे वेडा, डोकं फिरलेला, आणि पुढं शेरा आहे: जुनी फौज. म्हणजे छापून येईपर्यंत हा शब्द तोंडातोंडी बराच मुरलेला होता. त्याच वर्षी मुंबईहून हललेली बार्न्स शाळा देवळालीत सुरू झाली. पुढं दिलीपकुमार म्हणून गाजलेले युसूफ खान याच शाळेत शिकले. कोरड्या हवेसाठी पारशी, गुजराती कुटुंबांनी इथं बंगले आणि आरोग्यधामं बांधली. मुंबईकराला देवळाली म्हणजे प्रकृती सुधारण्याचं ठिकाण. इंग्रजी भाषेला मात्र ती बिघडण्याचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जुनी कहाणी मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली. युद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपलं. ब्रह्मदेश आणि मलायातले ब्रिटिश सैनिक घरी निघाले आणि जहाजं पुरेनात. देवळालीत मायदेशी परतणाऱ्यांचा डेपो माणसांनी भरला. वय आणि नोकरीची वर्षं यांवरून गट पाडले होते. आपल्या गटाची पाळी कधी येणार, याचीच बोलणी. या वेळी मात्र माणसं नुसती डुलाली झाली नाहीत. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिग रोड तळावर रॉयल एअर फोर्सच्या सैनिकांनी घरी पाठवण्यातल्या दिरंगाईविरुद्ध काम थांबवलं. संप हिंदुस्थानातल्या तळांवरून सिंगापूरपर्यंत पसरला आणि त्यात सुमारे पन्नास हजार लोक उतरले. त्यानंतर महिनाभरानं, १८ फेब्रुवारीला, मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर हिंदी खलाशांचं बंड सुरू झालं. त्याची कारणं वेगळी होती, मागण्या कितीतरी खोल होत्या. पण गोऱ्या सैनिकांनीच काम थांबवलेलं आधी सगळ्यांनी पाहिलं होतं. शेवटची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून जहाजावर चढली.

त्या युद्धकाळात जिमी पेरी नावाचा तरुण तोफखान्यात होता आणि देवळालीत सैनिकांची करमणूक करणाऱ्या नाटकमंडळीत काम करत होता. पुढं त्यानं डेव्हिड क्रॉफ्टसोबत बीबीसीसाठी 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका लिहिली. ती १९७४ पासून १९८१ पर्यंत चालली आणि तिची सुरुवात देवळालीच्या छावणीतच होते. चित्रीकरण सगळं इंग्लंडात. रंगी राम या हिंदी नोकराचं काम मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं चेहऱ्याला रंग फासून केलं. तो झाशीत जन्मलेला होता आणि हिंदुस्थानी बोलू शकत होता. आता बीबीसी ही मालिका पुन्हा दाखवत नाही, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. नोकराला विदूषक करून हसणाऱ्या त्या मालिकेत अटूसारख्यांच्या मरणाला जागा नव्हती.

गावाच्या नावानं वेडाची खूण सांगायची रीत आपल्याकडेही आहे. मराठी माणूस 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतो, पुण्याकडचा 'येरवड्याला' म्हणतो. पण तिथं खरोखर मनोरुग्णालयं आहेत. ठाण्याचं १९०१ पासून आहे. देवळालीला हे नाव चिकटलं ते जहाजांच्या वेळापत्रकामुळं. गावाचा त्यात काडीचाही दोष नाही. गावकऱ्यांना तर या शब्दाचा पत्ताही नसावा. कॅम्पातली माणसं आपल्या गावाच्या नावानं एकमेकांना वेडं म्हणताहेत हे परटाला किंवा भिस्त्याला कोण सांगणार?

आज देवळाली भारतीय तोफखान्याचं माहेरघर आहे. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून इथं आलं आणि फाळणीनंतर इथंच राहिलं; दर वर्षी 'तोपची' या सरावात इथल्या माळावर तोफा गरजतात. २००९ मध्ये पुण्यात ताजी बिअर गाळणारी एक कंपनी निघाली, तिनं नाव घेतलं 'डुलाली'. शब्द असा विलायतेची फेरी करून महाराष्ट्रात परत आला, आणि तरुण मुलं तो इंग्रजी समजूनच उच्चारतात.

इंग्रजांचे कोश आणि आठवणी यांनी या शब्दातली सोजिराची बाजू जपली. देवळाली कॅम्प, भगूर, लहवित, संसरी इथल्या जुन्या घरांत दुसरी बाजू असेल: पणजोबांनी छावणीत चालवलेल्या दुकानाची वही, परटाच्या कपड्यांच्या खुणांचा कागद, खानसाम्याला साहेबानं दिलेलं शिफारसपत्र, आजीनं ऐकलेल्या गोऱ्यांच्या गोष्टी. ज्यांच्या घरात असं काही असेल त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. वही जपावी, कागदाचा फोटो काढून ठेवावा, आणि घरातली म्हातारी माणसं बोलती आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून लिहून काढावं.